हे मूल कुणाच्या पैशांवर वाढतंय? व्हिक्टोरियन कादंबरीतली गरीब आणि अनाथ मुलं

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत इतकी अनाथ, उपाशी, मार खाणारी मुलं का भेटतात? त्यांचे हाल खरे होते की वाचकाला रडवायला वाढवलेले? आणि आज हे सगळं वाचायचं कसं?

या पुस्तकांत मुलांवर होणारा अन्याय बहुतेक वेळा एखाद्या दुष्ट माणसाच्या लहरीतून होत नाही. तो पैशांच्या व्यवहारातून होतो, आणि लेखक तो व्यवहार आकड्यांसकट लिहून ठेवतो. म्हणून कुठलंही अनाथ मूल कथेत आलं की चार गोष्टी शोधाव्यात: त्याचा खर्च कोण देतं, कुणाला देतं, किती देतं, आणि मूल मेलं तर कुणाचा काय फायदा किंवा तोटा होतो. यांची उत्तरं मिळाली की खलनायकाचा स्वभाव वेगळा समजून घ्यावा लागत नाही.

त्यासाठी नाण्यांचा हिशेब डोक्यात हवा. 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड, आणि गिनी म्हणजे 21 शिलिंग.

आता चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ घ्या. फेब्रुवारी 1837 ते एप्रिल 1839 अशी ही कादंबरी मासिकातून क्रमशः आली. जन्मताच आई गेलेला ऑलिव्हर मिसेस मॅन नावाच्या बाईकडे पाठवला जातो. तिथे वीस-तीस मुलं आहेत आणि दर मुलामागे आठवड्याला साडेसात पेन्स मिळतात. पंचवीस मुलं धरली तर आठवड्याचे 15 शिलिंग साडेसात पेन्स होतात. रक्कम ठरलेली असल्यामुळे बाई जेवढं कमी खाऊ घालेल तेवढं तिच्या पदरात पडतं. मूल मेलं तर पॅरिशचा, म्हणजे गरिबांचा खर्च उचलणाऱ्या स्थानिक चर्च-विभागाचा, खर्च वाचतो, आणि बाईकडे त्या जागी दुसरं मूल येतं. तपासणीला बोर्ड, म्हणजे गरिबांची व्यवस्था पाहणारं मंडळ, येतं, पण आदल्या दिवशी बीडल, म्हणजे पॅरिशचा शिपाई, येऊन वर्दी देऊन जातो, त्यामुळे त्या दिवशी मुलं स्वच्छ दिसतात. डिकन्सने हे दोन पानांत उरकलंय, पण पुढच्या सगळ्या पुस्तकाचं इंजिन इथेच आहे. वर्षाचा हिशेब केला तर एका मुलामागे 1 पौंड 12 शिलिंग 6 पेन्स होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या व्यवस्थेचं मूळ चांगल्या हेतूत होतं, हे बरेच वाचक विसरतात. लंडनच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सार्वजनिक घरात, तान्ही मुलं पटापट मरत होती, म्हणून 1767 साली कायदा झाला की त्यांना शहराबाहेर मोकळ्या हवेत दायांकडे ठेवावं. हवा बदलली, पण देखरेख आली नाही. त्यावर 1834 चा नवा गरीब कायदा आला. त्याचं तत्त्व असं की वर्कहाऊसमधलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्यापेक्षा कमी सुखाचं असलं पाहिजे, म्हणजे कुणी उगाच मदत मागायला येणार नाही. धडधाकट माणसाला आळसापासून परावृत्त करायला हे तत्त्व काढलं होतं. ते पाच वर्षांच्या मुलालाही तसंच लागू झालं, आणि माझ्या मते त्या कायद्याचं खरं पाप तेच. मुलाला आळशी ठरवून शिक्षा करण्यात काहीच अर्थ नव्हता. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये जुना आणि नवा कायदा एकमेकांत मिसळलेले आहेत: बीडल बंबल जुन्या पॅरिशचा, तर पातळ पेजेचा ठराव करणारं बोर्ड नव्या काळाचं. अभ्यासक याला चूक म्हणतात. वाचकाने एवढंच करावं, की कादंबरीतल्या प्रत्येक प्रसंगाला 1834 च्या कायद्याचा पुरावा मानू नये.

पेजेविषयी सगळ्यात जास्त विचारलं जातं. कादंबरीत दिवसातून तीनदा ओटची पातळ पेज, आठवड्यातून दोनदा कांदा आणि रविवारी अर्धा पाव मिळतो. नवा गरीब कायदा राबवणाऱ्या सरकारी आयोगाने प्रत्यक्षात सहा आहारतक्ते छापले होते आणि त्यांतला एक निवडायची मुभा प्रत्येक युनियनला, म्हणजे पॅरिशांच्या गटाला, होती. त्यांत पेजेबरोबर ब्रेड, चीज, बटाटे आणि आठवड्यातून काही वेळा मांस होतं. म्हणजे कागदावर पाहिलं तर डिकन्सने वाढवून सांगितलं. पण त्याच तक्त्यांखाली एक ओळ असे: नऊ वर्षांखालच्या मुलांना किती द्यायचं ते तारतम्याने ठरवावं, नऊच्या वरच्यांना बायकांइतकं द्यावं. ज्यांना मागता येत नाही त्यांचं ताट दुसऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं होतं. आणि कागदावरचं अन्न ताटापर्यंत पोचतंच असं नव्हतं. 1845 साली अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडं कुटायला दिलेली माणसं त्या हाडांतला मगज आणि चिकटलेलं मांस खात होती, हे उघडकीला आलं. संसदेची चौकशी बसली आणि 1847 मध्ये तो आयोगच बरखास्त करून नवं मंडळ नेमावं लागलं. तेव्हा कादंबरी आली त्याला सात-आठ वर्षं झाली होती. डिकन्सने तपशील ताणला असेल, रोगाचं निदान मात्र बरोबर केलं होतं.

यानंतर उमेदवारीचा करार, म्हणजे धंदा शिकायला मूल मालकाकडे बांधून देणं. ऑलिव्हरला जो नेईल त्याला पाच पौंड देऊ अशी पाटी बोर्ड लावतं. आजच्या वाचकाला हे उलटं वाटतं: मूल कामाला ठेवणाऱ्याने पैसे द्यायचे की घ्यायचे? तेव्हाची रीत अशी होती की मूल देणारा पैसे देई. मालकाला एकरकमी पैसे मिळत, वर अनेक वर्षांची बिनपगारी मेहनत. पॅरिशचाही स्वार्थ होता, कारण उमेदवार दुसऱ्या पॅरिशमध्ये चाळीस दिवस राहिला की पुढची जबाबदारी तिकडे जाई. गॅमफील्ड नावाचा धुराडी साफ करणारा येतो. त्याच्या हाताखाली तीन-चार पोरं आधीच मेल्याची कुजबुज आहे. बोर्ड त्याचा उपयोग भाव पाडायला करतं आणि सौदा साडेतीन पौंडांवर ठरतो. एकदा रक्कम खिशात गेली की मुलाला जिवंत ठेवण्याचं कारण मालकाला उरत नाही. करारातली खरी खोट ती. ऑलिव्हर वाचतो तो केवळ न्यायाधीशाला दौत सापडत नाही म्हणून. ती शोधता शोधता त्याची नजर पोराच्या चेहऱ्यावर पडते. कायद्यातलं संरक्षण एका दौतीवर टांगलेलं होतं, हे डिकन्सने अगदी नेमकं पकडलंय.

याच प्रकारचा करार डिकन्सच्याच ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या तेराव्या प्रकरणात पुन्हा येतो. पिपला लोहार जोकडे उमेदवार म्हणून बांधलं जातं, तेव्हा श्रीमंत मिस हॅविशॅम 25 गिनी देते. म्हणजे 26 पौंड 5 शिलिंग. मिसेस मॅनच्या दराने एवढ्या पैशांत एक मूल सोळा वर्षं ‘वाढलं’ असतं. पिपला त्या रकमेचा आनंद होत नाही, कारण तिने त्याचं श्रीमंत घराशी असलेलं नातं बंद होतं. दोन्ही दृश्यं शेजारी ठेवून वाचलीत तर कायदा एकच असूनही मूल कुणाचं आहे यावर किती फरक पडतो ते दिसेल.

धुराड्यांचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज दूर करतो. कादंबरीने कायदा बदलला असं सरसकट सांगितलं जातं. चार्ल्स किंग्जलीचं ‘द वॉटर-बेबीज’ 1863 साली पुस्तकरूपात आलं. त्यातला टॉम धुराड्यात चढणारा पोर. 1864 साली कायदा झाला. पण त्याआधी 1788, 1834 आणि 1840 मध्येही कायदे झाले होते, आणि 1840 च्या कायद्याने तर 21 वर्षांखालच्या कुणालाही धुराड्यात चढवायला बंदी होती. अंमल कोण करणार हेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे घरमालक आणि धुराडीवाले दोघेही डोळेझाक करत. 1875 मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यात अडकून मेला, आणि त्याच वर्षी परवाना आणि पोलिसांची देखरेख आली. तेव्हा कुठे प्रथा थांबली. पुस्तकाने लोकांची लाज जागी केली. पोरांना बाहेर काढलं ते परवान्याच्या कागदाने.

शाळांचा हिशेब थोडक्यात. ‘निकोलस निकलबी’मधला स्क्वीअर्स वर्षाला वीस गिनी घेतो आणि सुट्ट्या नाहीत अशी जाहिरात करतो. नकोशी, बहुतेक अनौरस किंवा सावत्र मुलं लांब ठेवायची असतील तर सुट्टी नसणं हीच सोय. यॉर्कशायरमध्ये अशा शाळा खरोखर होत्या. बोवेझ इथल्या विल्यम शॉच्या शाळेत मुलांची दृष्टी गेली म्हणून 1823 मध्ये खटले झाले होते, आणि 1838 च्या सुरुवातीला डिकन्स स्वतः तिकडे जाऊन आला.

‘जेन एअर’मधली लोवुडची शाळा मला याहून महत्त्वाची वाटते, कारण तिथे चोर कुणीच नाही. फी वर्षाला 15 पौंड. तेवढ्यात भागत नाही, म्हणून उरलेलं देणगीदार भरतात. म्हणजे प्रत्येक मुलगी कुणाच्या तरी उपकारावर. शाळा चालवणारा धर्मगुरू ब्रॉकलहर्स्ट पैसे खात नाही. तो मुलींना भूक सोसायला लावून त्यांचे आत्मे वाचवतोय असं मानतो. लापशी करपली आणि कुणाच्या घशाखाली उतरली नाही, म्हणून शाळेची प्रमुख मिस टेम्पल ब्रेड आणि चीज देते, तर तो त्याबद्दल तिलाच जाब विचारतो. मग मुलींचे केस कापायला सांगतो, आणि त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या मुली मखमल नेसून, केस कुरळे करून आत येतात. टायफस येतो तेव्हा ऐंशीपैकी पंचेचाळीस मुली एकाच वेळी आजारी पडतात. नंतर चौकशी होते, नवी इमारत होते, समिती बसते, पण ब्रॉकलहर्स्ट खजिनदार म्हणून राहतोच. संस्था कशा सुधारतात याचं इतकं खरं वर्णन त्या काळच्या कादंबरीत दुसरं क्वचितच सापडेल. मूळ शाळा कोवन ब्रिजची. ‘जेन एअर’ची लेखिका शार्लट ब्राँटी हिच्या मरिया आणि एलिझाबेथ या थोरल्या बहिणी तिथून आजारी होऊन घरी आल्या आणि 1825 मध्ये क्षयाने गेल्या. आणखी एक आकडा पाहा: जेन पुढे त्याच शाळेत शिक्षिका होते तेव्हा तिचा वार्षिक पगारही 15 पौंडच आहे, आणि थॉर्नफील्डची नोकरी ती 30 पौंडांवर घेते.

आता ‘ब्लीक हाऊस’मधला जो. 1852-53 मधली ही कादंबरी मोठी आणि किचकट आहे, पण मुलांच्या विषयात तिला तोड नाही. जो लंडनच्या चिखलात लोकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून झाडू मारतो आणि पडतील त्या नाण्यांवर जगतो. वरचे चार प्रश्न त्याला लावून पाहा: खर्च देणारं कुणीच नाही. म्हणून त्याच्यावर कुणाची मालकीही नाही, आणि पोलीस त्याला फक्त ‘पुढे चल’ म्हणत राहतो. कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. अकराव्या प्रकरणात मृत्यूच्या चौकशीत त्याला साक्षीला आणतात. त्याला आडनाव नाही, शपथेचा अर्थ सांगता येत नाही, म्हणून त्याची साक्षच घेत नाहीत. हे कल्पनेतलं नव्हे. 1850 मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये जॉर्ज रुबी नावाच्या रस्ता झाडणाऱ्या मुलाची साक्ष याच कारणाने नाकारली गेली होती. सत्तेचाळिसाव्या प्रकरणात जो मरतो तेव्हा डिकन्स कथा थांबवून थेट राणीला, सरदारांना आणि धर्मगुरूंना उद्देशून बोलतो. पुष्कळांना ते भडक वाटतं. मला ते योग्य वाटतं, कारण ज्या मुलाची साक्ष कोर्टाने घेतली नाही त्याची बाजू कुणीतरी मोठ्याने मांडायलाच हवी होती.

याच पुस्तकात गस्टर नावाची मोलकरीण आहे. फिट्स येतात म्हणून ती स्वस्तात मिळालेली आहे. डिकन्स जाता जाता सांगतो की ती टूटिंगच्या एका परोपकारी गृहस्थाकडे ठेक्यावर वाढली. तेव्हाच्या वाचकाला इशारा लगेच कळला असणार. टूटिंगला ड्रुएट नावाचा ठेकेदार वर्कहाऊसची सुमारे चौदाशे मुलं एका जागी ठेवत होता, आणि 1849 च्या जानेवारीत कॉलऱ्याने त्यांतली दीडशेहून जास्त मेली. त्याच्यावर खटला झाला, तो सुटला. म्हणजे मिसेस मॅनचाच धंदा, फक्त मोठ्या प्रमाणावर. आणि ही गस्टर स्वतःचं रात्रीचं जेवण जोला देते आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवते. पंचविसाव्या प्रकरणातल्या या चार ओळी चुकवू नका.

इथे या कादंबऱ्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ऑलिव्हर वर्कहाऊसमध्ये आणि चोरांत वाढूनही शुद्ध, सभ्य इंग्रजी बोलतो. जो आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला खिसेकापू पोर आर्टफुल डॉजर गल्लीतली भाषा बोलतात. ऑलिव्हर चांगल्या घरातला निघतो आणि वाचतो. डॉजर चांदीच्या तपकिरीच्या डबीपायी काळ्या पाण्यावर जातो, जो मरतो. चांगुलपणा रक्तात असतो हा समज डिकन्सलाही सोडवला नाही. वारशाचा धागा पाहा: ऑलिव्हरच्या बापाच्या मृत्युपत्रात अट आहे की अल्पवयात मुलाने नावाला उघड काळिमा लावला तर त्याला मालमत्ता मिळू नये. म्हणून सावत्र भाऊ मंक्सला ऑलिव्हर मेलेला नको असतो, चोर झालेला हवा असतो. हे एक्कावन्नाव्या प्रकरणात उलगडतं आणि संक्षिप्त आवृत्त्यांत हमखास कापलं जातं. मग चोरट्या पोरांचा म्होरक्या फेगिन या एकाच मुलाच्या मागे हात धुऊन का लागलाय ते कळत नाही.

मराठी वाचक हमखास अडखळतो ती जागा दत्तकाची. आपल्याकडे विधी झाला की दत्तक मुलाला घर, नाव, वारसा मिळे. 1848 साली कंपनीने साताऱ्याचं दत्तकविधान नामंजूर केलं, त्याचा सल आपल्या इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये मात्र दत्तकाचा कायदाच 1926 पर्यंत नव्हता. कादंबरीत कुणी मूल ‘घेतलं’ तर ते फक्त मायेवर किंवा मर्जीवर असे आणि कधीही परत मागितलं जाऊ शकत असे. ‘सायलस मार्नर’च्या एकोणिसाव्या प्रकरणात, सायलसने वाढवलेल्या एपीचा श्रीमंत बाप सोळा वर्षांनी येऊन हक्क सांगतो, तेव्हा विणकर सायलसकडे दाखवायला एकही कागद नसतो. निर्णय एपी घेते. त्या दृश्यातला ताण या कायदेशीर पोकळीतून येतो.

मुंबईशी थेट जोडलेली एक कथाही इथेच बसते. रुडयार्ड किपलिंगच्या ‘बा बा ब्लॅक शीप’ची सुरुवात मुंबईतल्या घरात होते: आया, हमाल आणि लाल-सोनेरी पागोट्याचा सुरती मीता यांच्या लाडात वाढलेला पंच. मग आईबाप जिवंत असूनही भावाबहिणीला इंग्लंडमध्ये पैसे देऊन परक्या घरी ठेवतात, आणि तिथे देवाधर्माच्या नावाने मुलाचा छळ होतो. किपलिंग स्वतः मुंबईत जन्मला आणि 1871 मध्ये असाच साऊथसीला ठेवला गेला होता. दारिद्र्य नसतानाही पैसे देऊन सांभाळायला दिलेल्या मुलाची गत ऑलिव्हरसारखी होऊ शकते, हे या कथेतून कळतं.

वाचताना कथेचा काळ आणि प्रकाशनाचा काळ वेगळा ठेवा. ‘जेन एअर’ 1847 ची, ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ 1860-61 ची आणि ‘सायलस मार्नर’ 1861 ची, पण तिन्हींतलं बालपण कितीतरी आधीचं आहे. त्यांतल्या हालांवरून 1860 च्या कायद्यांबद्दल निष्कर्ष काढला की गोंधळ होतो. सुरुवातीला ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ची पहिली सात प्रकरणं, ‘जेन एअर’ची पाच ते दहा, आणि ‘ब्लीक हाऊस’ची अकरा, सोळा, एकोणीस, पंचवीस आणि सत्तेचाळीस पुरेत, पण मूळ, न कापलेल्या पाठात.

आणि मग जॉर्ज मूरची ‘एस्थर वॉटर्स’ जरूर वाचा. 1894 ची. लग्नाशिवाय आई झालेली मोलकरीण एस्थर श्रीमंत घरच्या बाळाला दूध पाजायला राहते, आणि स्वतःचं बाळ मिसेस स्पायर्सकडे ठेवते. ही बाई पाच पौंड एकरकमी घेऊन मूल कायमचं ‘सांभाळायला’ तयार आहे. आधीच्या दायांची मुलंही अशीच गेली हे एस्थरला कळतं. एका बाळाच्या दुधाचा पगार दुसऱ्या बाळाच्या जिवातून फिटतोय हा हिशेब ती स्वतः मांडते, मालकिणीला तोंडावर सांगते आणि नोकरी सोडते. मिसेस मॅनच्या घरानंतर सत्तावन्न वर्षांनी इंग्रजी कादंबरीत हा हिशेब लेखकाऐवजी आई करते. मूल घेऊन ती आश्रयाला जाते तेही वर्कहाऊसमध्येच, आणि तिचा जॅकी जगतो, मोठा होऊन सैन्यात भरती होतो.